घरखर्चाचा मेळ लागत नाही, काय करावं?

कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत कामाला, पगार सात-आठ तारखेला खात्यावर येतो. ताई घरी ब्लाउज शिवतात. ते पैसे कधी रोख, कधी फोनवर, कधी ‘पुढच्या आठवड्यात देते’ असे. सासूबाई गावाकडे असतात, दारात दोन म्हशी. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, त्यातले थोडे त्या नातवंडांसाठी पाठवतात. दोघंही उधळे नाहीत, तरी वीस तारखेनंतर ओढाताण ठरलेली. वही घातली, ती दहा-बारा दिवसांत बंद पडली. मोबाइलवर ॲप घेतलं, त्याचंही तेच झालं. रोजचा खर्च लिहायची सवय कशी लावायची, कुठलं ॲप चांगलं आणि सासूबाईंचे पैसे हिशेबात धरायचे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, रोज लिहायच्या सवयीच्या मागे लागूच नका. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या (रोजमेळ आणि खातेवह्या) लिहिण्यात माझी नोकरी गेली, आता बचत गटांच्या वह्या तपासते. कोथिंबिरीच्या जुडीपासून सगळं लिहून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत, पण ती मुळातच हिशेबी. वही नसती तरी त्यांचं भागलंच असतं. बाकीच्यांची वही बंद का पडते ते आधी बघू.

गुळाच्या अडत दुकानात संध्याकाळी काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. सौदे केव्हाच आटोपलेत, हमाल गेलेत. दिवाणजी गल्ला गादीवर उपडा करतात. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या नोटांच्या चळती लावतात, चिल्लर बाजूला. सकाळची शिल्लक, दिवसाची जमा आणि नावे (म्हणजे गेलेले पैसे) यावरून किती रोकड असायला पाहिजे तो आकडा कीर्दीत आधीच काढलेला असतो. समोरची रोकड त्याच्याशी जुळली की शटर खाली. चाळीस रुपये कमी भरले तर दिवाणजी पाच मिनिटं आठवून बघतात. सापडलं तर ठीक, नाही तर किरकोळ खर्चाला टाकतात आणि घरी जातात. रात्रभर त्या चाळीस रुपयांच्या मागे कुणी बसत नाही.

घरातल्या वहीत ही शेवटची पायरीच नसते. आपण खर्च लिहितो, पण हातात किती उरले ते मोजून ताळा बघत नाही. मंगळवारी रिक्षाचे साठ रुपये लिहायचे राहिले तर ते कुणाला कळतच नाही. असे चार-पाच आकडे राहिले की वहीतली बेरीज खरी वाटेनाशी होते, आणि मग वही फ्रिजवर जाऊन पडते. तुमचा आळस त्यात फार थोडा आहे. ताळा नसलेली वही कुणाचीच टिकत नाही.

म्हणून उलट्या बाजूनं चला. खर्च लिहायचा सोडा, शिल्लक मोजा, आणि तीही आठवड्यातून एकदाच. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघांनी बसायचं. घरखर्चाचे पैसे जिथं जिथं आहेत ते सगळं मोजायचं. स्वयंपाकघरातला डबा, मिस्टरांचं पाकीट, तुमची पर्स, फोनवरचं खातं. बेरीज करून तारीख घालून लिहायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मागच्या शिलकेत मधल्या दिवसांत आलेले पैसे मिळवायचे आणि त्यातून आजची शिल्लक वजा करायची. उरला तो आठवड्याचा खर्च. एकही खर्च न लिहिता तो रुपयाबरोबर निघतो.

आकड्यांत बघा. मागच्या रविवारी डब्यात १,८४०, पाकिटात ६२० आणि घरखर्चाच्या खात्यात ४,३१० होते. मिळून ६,७७०. आठवड्यात शिलाईतून घरात दिलेले १,४५० आले आणि पगाराच्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात २,००० टाकले. म्हणजे ३,४५० आत आले, एकूण १०,२२०. या रविवारी मोजल्यावर डब्यात १,२६०, पाकिटात ४४० आणि खात्यात ४,३७० भरले. शिल्लक ६,०७०. तेव्हा आठवड्याचा खर्च ४,१५०.

आता त्यातले दोनशेच्या वरचे खर्च तेवढे दोघांनी आठवून लिहायचे. किराणा १,४६०, पेट्रोल ६००, डॉक्टर आणि औषध ७४०, मटण ७६०. झाले ३,५६०. राहिलेले ५९० किरकोळ. ते कशात गेले याचा पंचनामा करायचा नाही. भाजी, रिक्षा, पोरांचा खाऊ, रंकाळ्यावरची भेळ, असंच काहीतरी असतं. दोनशेच्या वरचे खर्च आठवड्यात पाच-सहाच असतात आणि ते दोघांच्या मिळून लक्षात राहतात. त्याच्या खालचे राहत नाहीत आणि राहायची गरजही नसते. किरकोळीचा आकडा एकदम पाचशेवरून पंधराशेवर गेला तरच विचारायचं, आणि तेही पोलिसी आवाजात नको. मिस्टरांना पाकीट उलटं करून दाखवायला लावलंत तर तिसऱ्या रविवारी ते बाहेर निघून जातील. दोघांनाही महिन्याला ठरावीक हातखर्च द्या. पाचशे असो नाही तर हजार असो, तो दिला त्या दिवशीच खर्च म्हणून लिहा आणि पुढं त्याचा हिशेब मागू नका. मोजताना हातखर्चाचे पैसे पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, नाही तर तेही शिलकेत येऊन घोळ होतो.

पहिल्या दोन-तीन रविवारी हमखास होणारा घोळ म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे. घरखर्चाच्या खात्यातून एटीएमवर दोन हजार काढले आणि डब्यात ठेवले, तर तो खर्च नव्हे. खात्यात दोन हजार कमी झाले, डब्यात वाढले, बेरीज तीच. लोक इथं ‘एटीएम २,०००’ असा खर्च टाकतात आणि मग त्याच पैशाचा किराणाही लिहितात. तोच खर्च दोनदा लागतो. शिल्लक मोजायच्या पद्धतीत हा घोळ आपोआप टळतो, फक्त सगळे खिसे त्याच दिवशी मोजायला हवेत. डबा आज आणि खातं उद्या असं करू नका.

दुकानातली उधारी हा दुसरा घोळ. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे खातं असेल आणि रविवारी त्याचे ९०० द्यायचे असतील, तर ते शिलकेतून वजा करूनच आकडा लिहा. माल घरात आलाय, बऱ्यापैकी संपलाही असेल, तेव्हा खर्च झालेला आहे. क्रेडिट कार्ड वापरत असाल तर त्यालाही हाच नियम. कार्डाचं बिल पुढच्या महिन्यात येणार म्हणून आज शिल्लक जास्त दिसते, आणि वीस तारखेच्या ओढाताणीचं अर्धं मूळ पुष्कळ घरांत तिथंच सापडतं.

आता खात्याबद्दल. तुमच्याकडे पगाराच्या खात्यालाच गुगल पे, फोन पे जोडलेलं असणार. मग हप्ता, विमा, भाजी, रिचार्ज सगळं एकाच पासबुकात येतं आणि कशाचा कशाला पत्ता लागत नाही. घरखर्चासाठी दुसरं बचत खातं ठेवा, किमान शिल्लक लागत नाही असं साधं मिळालं तर उत्तम, आणि फोनवरून पैसे द्यायचे ते फक्त त्याच खात्यातून. पगार झाला की कर्जाचे हप्ते आणि बचत पगाराच्याच खात्यातून जाऊ द्या. घरखर्चाची रक्कम मात्र दर रविवारी मोजणी झाल्यावर त्या आठवड्यापुरतीच टाका. महिन्याची एकदम टाकलीत की पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटतो. रोख डब्यात ठेवायचो तेव्हा नोटा कमी झालेल्या डोळ्यांना दिसायच्या. फोनवर ते दिसत नाही, म्हणून खात्यातच थोडे ठेवायचे.

दहा-वीस-पन्नास रुपयांची फोनवरची देणी पासबुकाची पानं भरून टाकतात. त्यासाठी यूपीआय लाइट, म्हणजे पैसे देण्याच्या ॲपमधलाच छोटा बटवा, वापरा. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते, पिन लागत नाही, आणि पासबुकात एकेक चहा-वडापाव न येता भरलेल्या रकमेची एकच ओळ येते. मी म्हणेन, त्यात पाचशेच भरा. रविवारी त्यातली शिल्लकही मोजणीत धरायला विसरू नका. आणि ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, कशाकशाचे लागलेत ते एकदा उघडून बघाच. फुकट महिना म्हणून घेतलेलं काहीतरी पैसे कापत बसलेलं सापडतं.

महिना एक तारखेपासून धरू नका. पगार सात-आठला होतो ना, मग तुमचा महिना आठ ते सात. कॅलेंडरच्या महिन्यात दोन पगारांचे तुकडे येतात आणि तुलना होत नाही. पगारानंतरच्या पहिल्या रविवारी मागचे चार किंवा पाच आठवडे एकत्र करा. पाच आठवड्यांचा महिना जड जातो, तो आधीच ओळखून ठेवा.

एवढं झालं तरी ओढाताण थांबणार नाही, हेही सांगून ठेवते. पैसे कुठं जातात असं विचारणारं माणूस चहा, वडापाव, पोरांची चॉकलेटं यांच्याकडे बोट दाखवतं. मी ज्या ज्या घरांचे हिशेब पाहिले त्यातल्या बहुतेकांत किरकोळीचा आकडा सुधारून फार काही हाती लागत नव्हतं. भोक असायचं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात. दर महिन्याला घरात कुणीतरी म्हणतंच, ‘या महिन्यात जरा जास्तीचं निघालं.’ जास्तीचं निघालं नाही असा महिना मला अजून दिसायचाय.

वर्ष फिरवून बघा. एप्रिल-मे आला की चटणी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, शिवाय धने, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, खडा मसाला आणि वर मिरची कुटायच्या डंकावरची मजुरी. वर्षाची चटणी बरण्यांत भरून होईस्तोवर आठवड्याचा खर्च दुप्पट झालेला असतो. त्यातच लग्नसराई, आहेर, गावच्या जत्रेला येणारे पाहुणे. जूनमध्ये शाळा, म्हणजे फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, दप्तर, छत्र्या, रिक्षावाल्या मामांचा ॲडव्हान्स. मग गौरी-गणपती, मग दिवाळी. मधे कुठंतरी गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, आणि घरफाळा म्हणजे घरपट्टी. हे सगळं दरवर्षी येतं, त्याच सुमारास येतं, तरी दरवर्षी अचानक आल्यासारखं वाटतं.

तेव्हा एका संध्याकाळी कालनिर्णय समोर घेऊन बारा महिन्यांची यादी करा. तुमच्यासारख्या घराची साधारण अशी होईल. शाळा १८,०००, गौरी-गणपती आणि दिवाळी १५,०००, दवाखान्यासाठी राखीव ८,४००, आहेर आणि जत्रा ६,०००, चटणी ५,०००, गाडी ४,०००, घरफाळा ३,६००. बेरीज ६०,०००. भागिले बारा, महिन्याला ५,०००. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण ५,००० बघून जे पोटात धस्स होतं ते होऊ द्या. हे पैसे आजही जातायतच. फक्त आज ते किराणा मागे ढकलून, सोनं गहाण ठेवून किंवा भावाकडून हातउसने घेऊन जातात.

ही रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी बाजूला गेली पाहिजे. पाच जमत नसतील तर तीननं सुरू करा. पण मग यादीतलं काय कमी होणार तेही त्याच संध्याकाळी ठरवा. दिवाळी लहान करायची की चटणी दोघी जावांत मिळून करायची, हे मिरच्या घरात येऊन पडल्यावर ठरत नसतं. जूनमध्ये शाळेची फी या पैशातून भरली की रविवारच्या मोजणीत तो खर्च घेऊ नका, तो या यादीसमोर लिहा. नाही तर जूनचे आकडे बघून उगाच भांडण होईल.

(ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी हेच गणित उलटं करायचं. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (सरकारनं ठरवलेल्या किमान दराची) रक्कम मिळायला हवी. प्रत्यक्षात ती कधी येते ते शेतकऱ्याला विचारा. आली की सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं, आणि उरलेलं बघून माणसाला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. ते उरलेलं पुढचं बिल येईपर्यंतच्या महिन्यांनी भागून स्वतःला दरमहा पगार द्यायचा. गाडी बदलायचा विचार त्या भागाकारानंतर.)

बाजूला ठेवायचे कुठं? बँकेत एक वर्षाचं आवर्ती खातं (आरडी) हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. वर्षाच्या मधेच पैसे लागणार असतील तर साधं वेगळं बचत खातं चालेल, फक्त त्याला फोन जोडू नका. आपल्याकडे पतसंस्थेची पिग्मी जोरात चालते. माणूस रोज दारात येतो, पन्नास-शंभर घेऊन जातो, शिस्त त्याची आणि बचत आपली. शिलाईसारखी रोजची सुटी कमाई असेल तिथं मला पिग्मी आवडते. पण दोन गोष्टी बघून घ्या. मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते आधी विचारा. आणि ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणून पिग्मी साठली की वर्षाच्या शेवटी बँकेत हलवायची, तिथंच ठेव करून बसायचं नाही.

भिशीचं विचारलेलं नाही, पण ब्लाउज शिवणारी बाई आणि भिशी नाही असं सहसा होत नाही. गल्लीतल्या भिशीला माझा विरोध नाही. ती फक्त वहीत नीट लिहा. दहा बायकांची दोन हजारांची भिशी असेल आणि तुमचा नंबर दहावा असेल, तर दरमहाचे दोन हजार तुमची बचत आहे, येणं म्हणून लिहायचं. पहिलाच नंबर लागून वीस हजार आले असतील तर त्यातले दोनच तुमचे, बाकीचे अठरा हजार कर्ज, आणि ते फेडताना नऊ महिने चेहरा हसरा ठेवायला लागतो. ओळखीतली दहा घरं ठीक. पन्नास माणसांची, लिलावाची, कुणीतरी ‘चालवणारी’ भिशी असेल तर लांब राहा. बुडाली तर पोलिसांत सांगायला हातात कागद नसतो.

आता शिलाईचं. अस्तर, दोरा, हूक, फॉल, मशीनची दुरुस्ती हा घरखर्च नाही, धंद्याचा खर्च आहे. शिलाईचे पैसे आले की थेट किराण्याला देऊ नका. मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक वेगळी पिशवी ठेवा. गिऱ्हाइकाचे पैसे तिच्यात, अस्तराचे पैसे तिच्यातून. फोनवर आलेले पैसे असतील तर तेवढी रक्कम वेगळी काढा. शनिवारी पिशवीत अस्तर-दोऱ्यापुरते ठेवून राहिलेले घराच्या डब्यात टाका. वरच्या उदाहरणातले १,४५० म्हणजे हेच. ही पिशवी रविवारच्या मोजणीत घ्यायची नाही. कुणाचे किती यायचे आहेत ते भिंतीवरच्या पाटीवर लिहा, गिऱ्हाइकाला दिसेल असं. नावापुढं रुपयांचा आकडा नको, फक्त ब्लाउजांची संख्या. वसुली बरी होते, असं दोन-तीन शिलाईवाल्या सांगतात. दिवाळीआधी आणि लग्नसराईत पिशवी फुगते. तेव्हा जास्तीचे डब्यात न टाकता वर्षाच्या यादीकडे वळवा, म्हणजे ५,००० चा आकडा बराच हलका होतो.

ॲप कुठलं, तर कुठलंही नको. दोनशे पानी वही, आठवड्याला अर्धं पान. मोबाइलवर लिहायचंच असेल तर दोघांच्या व्हॉट्सॲपवर रविवारची बेरीज पाठवून ठेवा, तेवढं पुरतं. बँकेचे मेसेज वाचून आपोआप खर्चाची वर्गवारी करणारी ॲपं तुमचे सगळे मेसेज वाचायची परवानगी मागतात, ती मी तरी दिली नसती. पहिले दोन महिने काहीही कमी करायला जाऊ नका, नुसते आकडे जमू द्या. तिसऱ्या महिन्यात दोन आठवडे शेजारी ठेवून बघितले की कुठं हात आखडायचा ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

राहिला सासूबाईंच्या दुधाच्या बिलाचा प्रश्न. ते दर दहा दिवसांनी निघतं म्हणून त्यातले तुमच्याकडे येतीलच असं धरून घरखर्च बांधू नका. म्हैस आटली की बिल आटतं, आणि पेंडीचे पैसे त्यातूनच जातात. आले तर त्या आठवड्यात ‘आत आले’ म्हणून लिहायचे. दिवाळीआधी दूध संघाचा दर फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, मिळतो, त्यातून त्या नातवंडांना काही देणार असतील तर ते यादीतल्या दिवाळीसमोर लिहा. किती मिळाला हे मात्र त्यांना विचारायला जाऊ नका. ती वही त्यांची आहे.